अनिताचं विरजण

“या बाटल्या घासल्या कुणी?”

हिरामणनं विचारलं तेव्हा राणीवहिनी ओट्यापाशी चहा गाळत होती. तेराव्याचे पाहुणे काल संध्याकाळी पांगले होते. लेक मनाली सकाळच्या एसटीनं पनवेलला सासरी गेली होती. घरात आता हिरामण एकटाच, म्हणून शेजारची ही चुलतवहिनी चहा करून द्यायला आली होती. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून तो समोर उभा होता. आत काचेच्या नऊ बाटल्या ओळीनं पालथ्या घातलेल्या, लख्ख, एकीवर बोटाचा डाग नाही.

“मीच घासल्या,” राणी म्हणाली. “गरम पाण्यानं, दोनदा. अनिताच्या हातच्या वस्तू. म्हटलं, नीट ऱ्हाव्यात.”

“आन् आतलं?”

“आतलं काय? विरजण ना? ते टाकलं की.”

“टाकलं?”

“उकिरड्यावर नाय हो टाकलं, भावजी. नदीवर नेलं, वाहत्या पाण्यात सोडलं. त्या दिवशी घरातलं सगळंच काढायचं असतं ना. भरलेलं पाणी, शिजलेलं अन्न, दूध, दही...” हिरामणचा चेहरा बघून तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. “असं काय बघताय? मी तुमालाच इचारलं व्हतं.”

विचारलं होतं. हिरामणला ते आठवलं. अंगणात माणसं तिरडी बांधत होती. तो ओटीच्या पायरीवर बसला होता, कुणीतरी त्याच्या डोक्यावर पंचा टाकला होता. राणी वाकून कानाशी म्हणाली होती, “भावजी, विरजणाचं काय करू?” त्याला वाटलं, दह्याचं. बायको अंगणात आडवी पडलीय आणि ही बया दह्याचं विचारतेय, असा रागही आला होता तेव्हा. “टाका वहिनी,” तो म्हणाला होता. “सगळं टाका. काय ठेवू नका.”

आता हे विरजण दह्याचं नव्हे, हे सांगायलाच हवं, कारण सगळा घोटाळा त्या एका शब्दानं केला. अकरा वर्षांपूर्वी या गावच्या वालांना मर लागली होती. भात कापून झालं की त्याच ओलीवर इकडे वाल पेरतात. त्या साली रोपं वीतभर झाली आणि माना टाकायला लागली. उपटून बघावं तर मुळं तपकिरी, कुजकी. सगळं शिवार बसलं, पण शेडग्यांच्या खाचराचा एक कोपरा, बांधावरच्या ऐनाच्या झाडाखालचा, हिरवागार उभा राहिला. दुसरी कुणी असती तर देवाला नारळ फोडून मोकळी झाली असती. अनिता शेडगे त्या कोपऱ्यातली ओंजळभर माती पदराला बांधून रोह्याला गेली. तिथं वरशाच्या रस्त्यावर एका संस्थेची लहानशी प्रयोगशाळा आहे, शेतीची. तिथल्या सरांसमोर तिनं पदर सोडला आणि म्हणाली, “हितं काय हाय ते बघा. बाकी सगळं मेलं, एवढंच जगलंय.”

महिन्याभरानं सरांनी तिला बोलावून काचेच्या बशीत वाढलेली हिरवी बुरशी दाखवली. म्हणाले, ही तुमच्याच मातीतली. ज्या बुरशीनं मर लागते, तिला ही विळखा घालून खाऊन टाकते. हिचं नाव ट्रायकोडर्मा. “ट्रायको दरमहा?” अनितानं विचारलं. “दरमहा काय, पगार देती काय?” सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. त्या नावाशी तिची जीभ काही जमली नाही. मग सरांनी वाढवायची रीत दाखवली. तांदळाची कणी अर्धीकच्ची शिजवायची, पिशवीत भरून तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, वाफेवर दोन तास ठेवायची, आणि पुरती निवली की दिव्याच्या ज्योतीजवळ धरून आधीच्या बाटलीतलं चमचाभर आत सोडायचं. आठ दिवसांत कणी आधी पांढरी होते, मग हिरवी. हे बघून ती म्हणाली, “असं सांगा की. विरजण हाय हे.”

झालं. त्या दिवसापासून ते विरजण. घरात विरजण, गावात विरजण. अकरा घरच्या बायका पेरणीच्या आधी येऊन म्हणायच्या, “अनिता, विरजण दे गो.” वालाच्या बियाला गुळाचं पाणी लावायचं, वर ही हिरवी पूड चोळायची, सावलीत वाळवायचं आणि पेरायचं. अकरा घरचे वाल मग मरीला पुरून उरले. पेणच्या महिला मेळाव्यात तिनं एकदा ताटात मांडून ठेवलं होतं, तर एक शहरी बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, ई, नासका भात. अनिता म्हणाली, “नासका नाय बाई, विरजण लागलेला हाय.” ती गोष्ट ती वर्षभर सांगत होती.

हिरामणला यातलं काही येत नव्हतं. त्याचं आयुष्य डोलवीला गेलं, कंपनीत कंत्राटावर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. वडखळला गाडी अडकली की घरी यायला तीन तास. घरी येऊन बघावं तर ही दिव्यापुढं पिशव्या मांडून बसलेली. “लोकांचा भात नासला तर लोक टाकून देतात,” तो म्हणायचा, “तू नासवायला बसतेस.” ती बोलायची नाही, कारण त्या वेळी बोललं तर तोंडातला वारा पिशवीत जातो. काम संपवून जवळ आली की तिच्या हातांना ओल्या खोबऱ्याचा वास यायचा. त्या बुरशीचाच तो. पहिल्यांदा त्याला वाटलं होतं, बाईनं करंज्या केल्यात. “कुठं ठेवल्यास गो?” म्हणून त्यानं डबे धुंडाळले होते. ती भिंतीला टेकून हसली होती, पोट धरून.

करोनात प्रयोगशाळा बंद पडली, कुणी कुलूप उघडायला नव्हतं. तिथल्या बाटल्यांतली तिची बुरशी मेली. ते सर नोकरी सोडून गावाकडे गेले. पण अनिताच्या कपाटातल्या बाटल्यांत ती जिवंत होती. दर दोन महिन्यांनी जुन्यातलं नव्यात, नव्यातलं पुढच्यात. अकरा वर्षं तिनं ते तोडलं नाही, मनालीच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा नाही. या उन्हाळ्यात हिरामणचं कंत्राट संपलं तेव्हा ती म्हणाली होती, “आता तुमी घरीच हाव. यंदाच्या थंडीत तुमाला शिकवते.” आश्विनात ती भातकापणीला वाफ्यात उतरली आणि ताप आला. डॉक्टर म्हणाले, लेप्टो, उंदरांमुळं चिखलातून येतो तो. चौथ्या दिवशी संपलं सगळं. थंडी अजून पडायची होती.

“म्हंजी तुमी... दह्याचं समजलात?” राणीच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. “आई आई गं! मी म्हटलं, तुमाला ठावं असंल. म्हणून तर इचारलं. नायतर मी कशाला हात लावला असता?” ती मटकन खालीच बसली. “मी पापीण. तिच्या जाण्याच्या दिवशीच मी...”

“तुमचं काय चुकलं नाय,” हिरामण म्हणाला. “टाका असं मी बोललो.” एवढं बोलून तो बाहेर ओटीवर गेला आणि तिथं त्याला जे रडू फुटलं, ते स्मशानातसुद्धा फुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो गावात हिंडायला लागला. घरोघरी एकच प्रश्न. पावसाच्या तोंडाला तिनं दिलेली पुडी शिल्लक आहे का? चमचाभर चालेल, चिमूटभर चालेल. सुतकातून उठलेला माणूस दारात येऊन बुरशी मागतोय म्हटल्यावर बायका आधी गोंधळायच्या, मग डोळ्यांना पदर लावायच्या, आणि मग शोधायला लागायच्या. एकीनं पुडी जपून ठेवली होती, पण ती चुलीवरच्या माळ्यावर. उघडली तर आत तपकिरी भुगा. दुसरीच्या नवऱ्यानं मिरचीवर फवारताना हीच पूड आणि मोरचूद एकाच पंपात घातलं होतं. “दोन औषधं म्हंजी दुप्पट जोर,” तो शहाणा अजूनही अभिमानानं सांगत होता. मोरचुदानं बुरशी मरते आणि ही पण बुरशीच, हे त्याला सांगत बसायची हिरामणला ताकद नव्हती. बाकीच्यांनी भाताच्या रोपांना वापरून टाकली होती. कुणाचं काय चुकलं? अनिता होती, मागितली की मिळत होती. उरवून कोण ठेवणार?

वालाची पेरणी पंधरा दिवसांवर आली होती. पण खरं सांगायचं तर हिरामण वालासाठी हिंडत नव्हता. वरशाच्या प्रयोगशाळेत पुण्याहून आलेल्या पुड्या मिळतात, वाल त्यांनीही वाचले असते. त्याला तिची हवी होती. तिनं हातानं वाढवलेली, अकरा वर्षं जिवंत ठेवलेली, आणि आपल्या एका शब्दानं गेलेली. ती कुठं तरी चिमूटभर शिल्लक असेल, तर आपण अगदीच सगळं नदीत सोडलं असं होणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

पाचव्या दिवशी राणीच म्हणाली, “भावजी, पारीला इचारलं काय?”

पारी पलीकडच्या वाडीवरची. नदीच्या काठाला तिची झोपडी, मागं हातभर जमीन. लावणीला आणि कापणीला ती अनिताबरोबर यायची. मजुरीला म्हणून यायची खरी, पण दोघी दिवसभर एका बांधावर बसून काय बोलायच्या देव जाणे. हिरामण पूल ओलांडून गेला तेव्हा ती दारात टोपली विणत होती. त्याला बघून उठली नाही. तोंड फिरवून घेतलं.

“मला कुणी सांगितलं नाय,” ती म्हणाली. “बाय गेली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. नदीवर कुणी बाई दुसरीला सांगत व्हती, ते ऐकलं. मी तिचं तोंडपण नाय बघितलं, दादा.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. हिरामणच्या डोक्यातही आलं नव्हतं. “चुकलं माझं, पारी,” तो म्हणाला. पाच-सहा दिवसांत हे वाक्य त्याला पाठ झालं होतं.

ती थोडा वेळ टोपलीच्या कामट्या चाचपत राहिली. मग म्हणाली, “कशाला आलास?”

त्यानं सांगितलं. विरजणाचं, राणीचं, स्वतःचं, सगळं सांगितलं. पारीनं ऐकून घेतलं आणि काही न बोलता आत गेली. आली ती एक गाडगं घेऊन. गाडगं राखेनं भरलेलं. राखेत हात घालून तिनं एकेक गाठोडं वर काढलं. भेंडीचं बी, काकडीचं बी, वालाचं बी. शेवटी एक लहानसं, निळ्या लुगड्याच्या चिंधीतलं.

“ही तिनं पावसात दिलेली. मी अर्धी वांग्याला घातली. अर्धी वालाला ठेवली. पेरायचं हाय म्हटल्यावर जपाय नको? किडा लागंल म्हणून आतपण राख कालवली. चांगली शेणीची, चाळून घेतलेली.” तिनं चिंधी त्याच्या हातात दिली. “घे. तुझीच हाय.”

हिरामणनं गाठ सोडली. करडी-हिरवी पूड, दोन मुठी असेल. त्यानं ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले. राखेचा वास, धुराचा, आणि त्यांच्या मागं कुठं तरी, अगदी मागं, ओलं खोबरं. आला. नक्की आला. निदान त्याला तसं वाटलं, आणि त्या वेळी तेवढं पुरेसं होतं. त्यानं अर्धी पूड पारीला परत बांधून दिली. ती नको नको म्हणाली, पण त्यानं ऐकलं नाही. परत येताना पुलावर त्याला जोरात पळत सुटावंसं वाटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

त्याच दुपारी तो वरशाला पोचला. प्रयोगशाळेत आता सुरभी नावाची मुलगी होती, पेणची, पंचविशीची, पांढरा कोट घातलेली. शेडगेमावशी गेल्या हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. हिरामणला बघून ती उभी राहिली.

“काका, मी येणार होते. मावशींकडची घेऊन इथे ठेवायची असं आमचं ठरलं होतं. दिवाळीनंतर येते म्हटलं होतं मी त्यांना. आधीच यायला हवं होतं.”

“ही बघ,” हिरामण म्हणाला आणि चिंधी पुढं केली. “तिचीच हाय. जिवंत कर.”

सुरभीनं चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर घेतली, भिंगातून बघितली. “यात राख आहे का?”

“पलीकडच्या वाडीवरच्या पारीनं राखंत ठेवलेली व्हती. बियाण्यासारखी.”

तिनं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, “बघू. मी लावते. पाच दिवसांनी या. आली तर दुसऱ्या दिवशीच पांढरी दिसेल.” बाहेर गाडी उभी होती, तिला कुठंतरी शेतावर जायचं होतं. घाईघाईनं तिनं वहीत त्याचं नाव लिहून घेतलं आणि तो बाहेर पडला.

ते पाच दिवस हिरामण रिकामा बसला नाही. बुरशी आली की तिला घालायला भात तयार हवा. त्यानं कणी आणली. पहिल्या दिवशी कणीचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी राणी येऊन बघत उभी राहिली आणि न राहवून म्हणाली, “पाणी किती घालताय? पेज करायची हाय काय?” तिसऱ्या दिवशी ती स्वतःच पदर खोचून बसली. अनिता कसं करायची ते दोघं आठवायला लागले. शितं बोटांनी दाबून बघायची नाहीत, मुठीत धरून सोडायची. चिकटली तर पाणी जास्त. कापसाचा बोळा फार घट्ट नको, आत वारा खेळला पाहिजे. टोपावर झाकण ठेवून वर पाट्याचं वजन. “ती कापूस असा पिळायची,” राणी म्हणाली. “नाय, असा,” हिरामण म्हणाला, आणि आपल्याला हे ठाऊक आहे याचंच त्याला नवल वाटलं. रातपाळीवरून येऊन जेवताना तो नुसता बघत बसायचा, ते सगळं आत कुठं तरी साठलेलं होतं. ती म्हणाली होती शिकवीन. म्हणजे शिकवून झालंच होतं म्हणायचं, फक्त त्याला ते कळलं नव्हतं.

चौथ्या दिवशी कणी जमली. शीत न् शीत सुटं. नऊ पिशव्या भरल्या, वाफवल्या, निवायला ठेवल्या. त्या दिवशी राणी बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे सरळ बघून बोलली. म्हणाली, “भावजी, येईल बघा. एवढं केलंय तर येईल.” हिरामण तिच्यावर चिडला नाही, उलट त्याला बरं वाटलं. त्यानं मनालीला फोन करून सांगितलं, आईचं विरजण मिळतंय. फोनवर मनाली नुसती रडत होती.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला तो प्रयोगशाळेच्या दारात हजर. सुरभी अजून आली नव्हती. तो पायरीवर बसला. सवानऊला ती स्कूटी लावून आली, त्याला बघितलं. कुलूप काढलं, त्याला खुर्ची दिली, आणि कपाटातून सहा काचेच्या बशा काढून त्याच्यापुढं मांडल्या.

चार बशा कोऱ्या होत्या. उरलेल्या दोहोंत काळे ठिपके पसरलेले.

“ही काळी?” हिरामणनं विचारलं. “नंतर हिरवी व्हते काय?”

“नाही काका. ही शिळ्या भाकरीवर येते ती. हवेतली.” ती त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसली. “मावशींची नाही आली.”

“अजून दोन दिवस ठेवली तर?”

“दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही, म्हणून मी त्याच पुडीतून पुन्हा लावली. दोनदा लावली. मलाही हवी होती ती.”

हिरामणनं एक बशी उचलून उजेडाकडं धरली. पलीकडं खिडकी दिसत होती, खिडकीतून रस्ता. बशीत काही नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला, कुठं एखादा धागा, एखादा पांढरा ठिपका. मग त्यानं ती हळूच खाली ठेवली, जणू तिला अजून काही लागलं असतं.

“राखेनं?” त्यानं विचारलं.

“राखेनं असेल. हिला किंचित आंबट माती मानवते आणि राख अगदी उलटी. नाहीतर दिवस जास्त झाले असतील. नक्की नाही सांगता येणार.” मग ती म्हणाली, “पण वाडीवर सांगायला हवं काका. पुढच्या वेळी कुणी राख घालू नये. मी सोमवारी जाते, पारीबाईंना भेटते.”

“नको,” हिरामण म्हणाला. ते इतकं पटकन म्हणाला की सुरभी बघतच राहिली. “तू नको जाऊस. मी सांगेन. पुढल्या वर्षी सांगेन, बोलता बोलता. तिनं बियाण्यासारखी जपली व्हती गो. गावात दुसऱ्या कुणी एवढीपण नाय जपली.”

सुरभीनं मान हलवली. थोड्या वेळानं ती उठली आणि पुण्याच्या पुड्यांची पिशवी घेऊन आली. तेरा पुड्या मोजून त्याच्यापुढं ठेवल्या. अकरा घरांच्या अकरा, पारीची एक आणि त्याच्या घरची एक. हिरामणनं त्या घेतल्या. न घेऊन कसं चाललं असतं? पेरणी तोंडावर होती आणि घरी नऊ पिशव्या भात वाट बघत होता. त्यात आता ही पुण्याचीच सोडायची. तीही चांगलीच असते, सगळे तसंच म्हणतात.

तो उठून दाराकडं वळला तेव्हा सुरभी म्हणाली, “काका, एक राहिलं.” तिनं टेबलावरची जाड वही उघडली. “त्या दिवशी घाईत मी आणणारा म्हणून तुमचं नाव लिहिलं. पण बुरशी मुळात कुणाची, तो रकाना कोराच राहिलाय. मी त्यांना मावशीच म्हणायचे. पूर्ण नाव काय त्यांचं?”

हिरामणनं हातातल्या पुड्या टेबलावर ठेवल्या.

चौतीस वर्षं त्यानं तिला ‘अगो’ म्हणून हाक मारली होती. ‘ऐकलंस काय’ म्हणून, मनाली झाल्यावर ‘मनालीची आई’ म्हणून. लग्नानंतरच्या पूजेला बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा नाव घेतलं होतं, तेही पुटपुटून, आणि हसण्याच्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नव्हतं. दवाखान्यातले कागद मनालीनं भरले. ग्रामपंचायतीतला दाखलाही मनालीनंच आणला. नाव घ्यायचं नाही असं त्याला कुणी कधी बजावलं नव्हतं. वेळच आली नव्हती, आणि ती समोर असताना त्याची गरजही पडली नव्हती.

“काका?”

“अनिता,” तो म्हणाला. सुरभीला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. “अनिता हिरामण शेडगे.”

सुरभीनं लिहिलं. अक्षर छान होतं तिचं, गोल, सावकाश. मग त्याच ओळीत पुढं सरकत तिनं तारीख घातली, शेवटच्या ‘शेरा’ असं छापलेल्या रकान्यात सवयीनं एक शब्द लिहिला, आणि सहीसाठी वही त्याच्याकडं फिरवली.

हिरामणनं खिशातून चष्मा काढून लावला. ओळीवर बोट ठेवून त्यानं सुरुवातीपासून वाचलं. अनिता हिरामण शेडगे. पुढं तारीख. पुढं : मृत.

सुरभीच्या लक्षात आलं तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. “अयाई... काका, मी ते बशीतल्याबद्दल... आम्ही नेहमी तसंच लिहितो, माझ्या ध्यानातच नाही आलं. थांबा, मी खोडते. दुसरं काहीतरी लिहिते.”

“ऱ्हाऊ दे, पोरी,” हिरामण म्हणाला. “बरोबर हाय ते.”

त्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं, वही थोडी सरळ केली आणि त्या ओळीच्या खाली सही केली.